राजघराण्याच्या श्रीमंतीत आमचाही पैसा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सौदी राजघराण्याच्या श्रीमंतीवर आपण पानभर लेख छापलात. सोन्याचा मुलामा दिलेल्या गाड्या, पॅरिसजवळचा महाल, आलिशान बोट, सगळं रंगीत फोटोंसकट आलं. एवढा पैसा आला कुठून, याचं उत्तर मात्र लेखकाने 'तेल' या एका शब्दात उरकलं. मी सौदीतल्या जेद्दाहमध्ये एसी मेकॅनिक म्हणून उमेदीची वर्षं घालवली आहेत. म्हणून हे पत्र.

घराण्याची संपत्ती १.४ लाख कोटी डॉलर आहे, असं लेखात छातीठोकपणे म्हटलं आहे. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो मोजला कुणी? अरामको ही सौदीची सरकारी तेल कंपनी. डिसेंबर २०१९ मध्ये तिचे फक्त १.५ टक्के शेअर विकून २,५६० कोटी डॉलर उभे राहिले. अशी कंपनी घराण्याच्या नावावर मांडली की आकडा वाटेल तेवढा फुगवता येतो. खरा प्रश्न आहे तो राज्याचा खजिना कुठे संपतो आणि घराण्याची तिजोरी कुठे सुरू होते, हा. नोव्हेंबर २०१७ मध्ये रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात राजपुत्र, मंत्री आणि बड्या व्यापाऱ्यांना डांबून ठेवलं, आणि पुढे ४०० अब्ज रियालहून जास्त मालमत्ता वसूल केल्याचं सरकारनेच जाहीर केलं. कुणाकडून किती घेतलं, याचा हिशेब लोकांसमोर आला नाही. लेखात या प्रकरणाला एक ओळही मिळालेली नाही.

नोव्हेंबर १९९६ मध्ये रियाधच्या अमेरिकी वकिलातीने आपल्या सरकारला राजघराण्याच्या पैशाबद्दल एक गोपनीय अहवाल पाठवला होता. गोपनीय कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्समुळे तो २०११ साली जगासमोर आला. घराण्यातल्या माणसांना जन्मापासून दरमहा तनखा मिळतो, असं त्यात आहे. दूरच्या शाखेतल्याला ८०० डॉलर, तर संस्थापक राजे अब्दुल अझीझ यांच्या हयात मुलांना २ लाख ते २ लाख ७० हजार डॉलर. लग्न झालं, महाल बांधायला काढला, की दहा ते तीस लाख डॉलर वेगळे. हे झालं तेलाचं.

पण त्याच अहवालात कमाईची आणखी एक वाट नोंदवली आहे. राजपुत्र शंभर-शंभर परदेशी कामगारांचे कफील होतात, म्हणजे त्यांचा व्हिसा आपल्या नावावर काढतात, त्यांना बाहेर कुठेही काम करायला मोकळं सोडतात आणि प्रत्येकाकडून महिन्याला ३० ते १५० डॉलर घेतात. शंभर माणसं असली तर बसल्या जागी महिन्याला १० हजार डॉलर. आमच्या खेड-दापोलीत ज्याला आझाद व्हिसा म्हणतात, तो हाच.

मीही आझाद व्हिसावरच गेलो होतो. कफिलाचं तोंड मी कधी पाहिलं नाही. त्याचा मंदूब, म्हणजे त्याची कामं बघणारा माणूस, जेद्दाहच्या शरफिया भागात एका दुकानामागे टेबल टाकून बसायचा. पगार झाला की आम्ही रांगेत उभे राहायचो. तो वहीत नावापुढे टिक करायचा आणि ३०० रियाल खणात टाकायचा. पावती मागितली की म्हणायचा, उद्यापासून दुसरा कफील शोध. ३०० रियाल म्हणजे ८० डॉलर. छताला लटकून, ड्रिलची धूळ खात काम करून मिळवलेले. माझा कफील साधा व्यापारी होता, पण त्याच रांगेतल्या काही जणांचे कफील 'अमीर', म्हणजे राजपुत्र होते, आणि त्यांना तर तक्रारीची सोयच नव्हती. एका वर्षी इकामा (राहण्याचा परवाना) रिन्यू करायचे पैसे मंदूबाने आगाऊ घेतले आणि काम केलंच नाही. रस्त्यात जवाजातवाल्यांनी (पासपोर्ट खात्याच्या पोलिसांनी) कागद तपासले, मला गाडीत घातलं, आणि तरहीलमधून, म्हणजे परत पाठवायच्या लोकांना ठेवतात त्या कोठडीतून, थेट विमानात बसवलं. बायकोसाठी घेतलेलं शिलाई मशीन खोलीवर तसंच पॅक राहिलं. कामाची हत्यारं, बाकी राहिलेला पगार, सगळं तिथेच. कफिलाला कुणी साधा जाबही विचारला नाही.

ही जुनी गोष्ट, असं कुणी म्हणेल. पण तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरवरून तिशीच्या खाली आला, तेव्हा काय झालं ते आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात बांधकाम कंपन्यांनी पगार थांबवले आणि दहा हजारांहून जास्त भारतीय कामगार अन्नाला मोताद झाले. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या. जेद्दाहच्या आपल्या वाणिज्य दूतावासाने कॅम्पमध्ये धान्य पोचवलं. राजे सलमान यांनी परतीची सोय करायला सांगितलं, पण कित्येक जण थकलेला पगार तिथेच सोडून आले. तुमच्या लेखातला पॅरिसजवळचा महाल ३० कोटी डॉलरहून जास्त किमतीला घेतला गेला तो २०१५ मध्ये. भाव पडत होते तेव्हाच. या दोन बातम्या एका पानावर आल्या असत्या, तर तो लेख वाचण्यासारखा झाला असता.

आणखी एक. त्याच अंकात छोट्या जाहिरातींमध्ये 'सौदी, कतार, आझाद व्हिसा, त्वरित भेटा' अशा तीन जाहिराती आहेत. खाली फक्त मोबाइल नंबर. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते, आणि ३० हजार रुपये व जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. आमच्या तालुक्यात लाखाच्या खाली कुणी बोलत नाही. मुलं आईचे दागिने गहाण ठेवून जातात. आपल्या जाहिरात विभागाला कृपया सांगा: नोंदणी क्रमांक दाखवल्याशिवाय अशी जाहिरात घेऊ नका, आणि तो क्रमांक जाहिरातीत ठळक छापा.

आपला,
एक जुना वाचक, खेड (जि. रत्नागिरी)