लूपबॅकचा अडसर काढून देणाऱ्या दादांना

नाशिक

दादा, सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडच्या ऑफिसातल्या उबुंटू डेस्कटॉपला नवी रॅम नको, एसएसडीही नको, हे तुम्ही प्रोसेसरचा आकडा बघूनच सांगितलंत. त्याबद्दल आधी आभार. प्रोसेसर जेमतेम तीन टक्के आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला दोन मिनिटं, म्हणजे मशीन दमलेलं नाही, कुणाची तरी वाट बघत बसलंय. खरं निदान तिथेच झालं.

मग तुम्ही फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवरचं कुठलं पॅकेट आत घ्यायचं आणि कुठलं अडवायचं हे ठरवणारे, नियम पॅकेटच्या मोजणीसकट स्क्रीनवर आणलेत आणि सॉफ्टवेअर चालू केलंत. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांच्या यादीत ड्रॉपचा, म्हणजे गुपचूप टाकून दिलेल्या पॅकेटांचा, आकडा एका सेकंदाने वाढला, मग दोन, मग चार, मग आठ सेकंदांनी. सगळं दुखणं त्या आकड्यात होतं. सॉफ्टवेअर त्याच मशीनवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसशी ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच मशीन’, या नावाने बोलतं, आणि त्या नावाला आधी आयपीव्ही६ मधला ::१ हा पत्ता मिळतो. परवानगी मात्र फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे याच मशीनच्या जुन्या पद्धतीच्या (आयपीव्ही४) पत्त्याला होती. ड्रॉपमध्ये साधा नकारही परत येत नाही, म्हणून या मशीनवरचं लिनक्स सहा वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि १२७ सेकंदांनी नाद सोडतं. त्यानंतर १२७.०.०.१ वर जोडणी क्षणात होते. ड्रॉपऐवजी लगेच नकार कळवणारं रिजेक्ट असतं तर हा वेळ गेलाच नसता.

दुसरी गोष्ट तर फार थोडे लोक सांगतात. मशीनने स्वतःच्याच १९२.१६८ वाल्या पत्त्यावर पाठवलेलं पॅकेटसुद्धा लूपबॅकवरूनच, म्हणजे मशीनच्या आतल्या आत असलेल्या जोडणीवरूनच, फिरतं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता १२७ चा नसतो. म्हणून नियम पत्त्यावर न लिहिता ‘एलओ’ या लूपबॅकच्या इंटरफेसवर लिहायचा: एलओवरून आत येणारं सगळं ॲक्सेप्ट. तोही आयपीटेबल्स (आयपीव्ही४ चे नियम) आणि आयपी६टेबल्स (आयपीव्ही६ चे नियम) दोन्हीकडे, आणि पहिल्या क्रमांकावर. यादीच्या शेवटी जोडला तर वरचा ड्रॉप आधी लागू होतो, खालचा नियम वाचलाच जात नाही. सुरक्षेची शंकाही तुम्ही लगेच मिटवलीत. १२७ चा पत्ता लावून बाहेरच्या कार्डावरून येणारं पॅकेट अडवणारा वेगळा नियम त्याच्याखाली घातलात.

शेवटी नियम जपून ठेवणाऱ्या नेटफिल्टर-पर्सिस्टंटने ते सेव्ह करून, मशीन रीस्टार्ट करून दोन्ही याद्या पुन्हा तपासल्यात. सेव्ह न केलेले नियम रीस्टार्टनंतर उडून जातात आणि लोक पुन्हा हार्डवेअरला दोष देतात, म्हणून ही पायरी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते.

तुम्ही कागदावर लिहून दिलेल्या ओळींची झेरॉक्स कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

आपले,
ऑफिसातले सगळे