'सेल्स' दिसलं की फॉर्मच भरायचा नाही?

महोदय,

कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत 'सोल्यूशन्स इंजिनिअर' किंवा 'प्रीसेल्स' असं पद आलं, की आपल्याकडची हुशार पोरं फॉर्मच भरत नाहीत. माझ्या आतेभावाच्या मुलीनं परवा तेच केलं. जाहिरातीत 'सेल्स' दिसलं आणि घरात सुरू झालं, "चार वर्षं इंजिनिअरिंग करून दारोदार फिरणार व्हय?"

मी हीच नोकरी करते. दर, सवलत, सौदा हे सेल्सची माणसं बघतात. गिऱ्हाइकाची अडचण समजून घेणं, आपलं सॉफ्टवेअर तिथं चालवून दाखवणं आणि जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगणं, हे आमचं काम. टेंडरमधल्या तांत्रिक प्रश्नांची उत्तरं आणि डेटा सुरक्षेच्या लांबलचक प्रश्नावल्याही आमच्याच गळ्यात.

शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ईआरपीचा (कारखान्याच्या सगळ्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेमो होता. स्क्रीनवर रंगीत आलेख, मालक गप्प. शेवटी त्यांनी गिऱ्हाइकाकडून परत आलेलं एक कास्टिंग टेबलावर ठेवलं. "ह्याचा हीट नंबर टाका. त्या हीटचा चार्ज, स्पेक्ट्रोचा रिपोर्ट आणि बाकीचा माल कुणाकडं गेलाय, एवढं दाखवा. आलेख राहू देत." (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू, चार्ज म्हणजे त्यासाठी भट्टीत घातलेला माल, आणि स्पेक्ट्रो म्हणजे धातूत काय किती आहे ते तपासणारं यंत्र.) मी त्यांच्याच रजिस्टरातल्या नोंदी तिथंच भरल्या आणि वितळणापासून डिस्पॅचपर्यंतचा माग काढून दाखवला. मग चहा आला.

असे प्रश्न विचारणारी माणसं उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हवी तेवढी आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीलाही ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं जीएसटीचं बिल) सक्तीचं झालं, त्यामुळे छोट्या कारखानदारालाही सॉफ्टवेअर टाळता येत नाही. तरी आमच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बघतो कोण, तर एक्स्टर्नल परीक्षक, तोही दहा मिनिटं. त्याच्या शेजारी एखादा कारखानदार बसवा. त्याच्यासमोर मराठीत प्रोजेक्ट समजावता आला, तर तीच या नोकरीची मुलाखत समजा.

मुलांनीही विचारून घ्यावं : पगारातला पक्का भाग किती, टार्गेटवर किती, आणि डेमो स्वतः करायला मिळणार की दिवसभर नुसते फोन फिरवायचे. फोन फिरवण्याच्या कामालाही काही कंपन्या हेच भारदस्त नाव देतात. तिथं मात्र घरच्यांचं ऐकावं.

– एक प्रीसेल्सवाली, राजारामपुरी, कोल्हापूर