खोडदच्या पल्सारबद्दल पण लिहा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

अंतराळाची बातमी आली की कृष्णविवराचं रंगीत चित्र आणि चार ओळी एवढंच छापून येतं, आणि आपल्या जिल्ह्यात काय सापडलंय ते पुण्यातल्याच लोकांना माहीत नाही, याचं खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितोय. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सरांनी उभं केलेलं काम. २००४ मध्ये तिथून एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छात एक पल्सार सापडला, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिदाट गाभा (न्यूट्रॉन तारा), जो फिरताना ठराविक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवतो. स्वतःभोवती सेकंदाला २०० वेळा फिरतो, आणि जोडीदाराभोवतीची फेरी साधारण १९ दिवसांची.

पण खरी गंमत कक्षेत आहे. एवढ्या जोरात फिरणारे पल्सार जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून वेग घेतात आणि त्या काळात भरती-ओहोटीच्या बलांमुळे कक्षा जवळजवळ गोल होऊन जाते, म्हणजे इथेही गोलच असायला हवी होती. निघाली प्रचंड लांबुळकी, उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे याचं माप, पूर्ण गोल असेल तर शून्य) ०.८८८! सगळ्यात लांब असतानाचं अंतर सगळ्यात जवळच्या अंतराच्या जवळपास १७ पट. कारण गुच्छाच्या मध्यात तारे इतके दाटीने असतात की तिसराच तारा जवळ येतो, जुन्या हलक्या जोडीदाराला बाहेर काढतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. आपल्या सूर्याच्या आसपास असं घडणं जवळपास अशक्य, इथे तारे फार विरळ आहेत. म्हणजे नुसत्या कक्षेच्या आकारावरून त्या पल्सारचा मागचा इतिहास वाचता येतो, आणि मला तर हे कुठल्याही चित्रापेक्षा भारी वाटतं.

त्याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीने अजून एक पल्सार शोधला, २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालं. त्याचा जोडीदार सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट वजनाचा, न्यूट्रॉन तारा म्हणावा तर फारच जड आणि कृष्णविवर म्हणावं तर फारच हलकं. काय आहे ते अजून ठरलेलं नाहीये.

हा गुच्छ पुण्यातून दिसतो बरं का, जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास मृगाच्या बराच खाली, दक्षिणेला, अंधाऱ्या जागी गेलात तर साध्या दुर्बिणीतून धूसर ठिपका.

तर विनंती अशी की २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला शाळेची मुलं प्रदर्शन बघायला येतात, त्याच्या आधीच्या रविवारी पुरवणीचं एक अख्खं पान यावर द्या, कक्षेच्या आकृतीसकट, आणि लिहायला तिथल्याच संशोधकांना सांगा.

आपला एक वाचक,
कोथरूड, पुणे