तुझा तो संडासाचा ठराव

प्रिय बंड्या,

दोन वर्षांनी पत्र, म्हणजे आधी शिव्या घालशील. घाल. माझी शुगर वर-खाली, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

परवा आईला मिरजेहून डोळे दाखवून आणलं. आपल्या स्टँडवर उतरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ. तिला जायचं होतं आणि बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली कुणाकडे, कुणाला ठाऊक नाही. शेवटी ती गोडाऊनच्या भिंतीआड गेली. मी रस्त्याकडे तोंड करून उभा, हातात तिची पिशवी आणि डोळ्यांतल्या औषधाची बाटली. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "इथे बंडू काहीतरी बांधणार होता ना रे?"

आपल्या क्लबात तू या स्टँडवर सार्वजनिक संडास बांधायचा ठराव मांडलास, त्या दिवशी "फीत कापायला आमदारांना संडासात बोलवायचं का?" असं विचारणारा मीच. दादा तर चहा सांडेपर्यंत हसले. तू कोटावरची क्लबची पिन काढून टेबलावर ठेवलीस आणि गेलास. आम्ही स्वागत कमान बांधली. (तुझं उठून जाणं नाटकी होतं, हे मी अजूनही म्हणतो.)

आता जुलैत क्लबच्या अध्यक्षपदाची कॉलर माझ्या गळ्यात पडणार. लायकीने नव्हे, नंबर लागला म्हणून. भाषणासाठी रोटरीसारख्या क्लबांचा इतिहास वाचायला घेतला आणि फसलो.

शिकागो, २३ फेब्रुवारी १९०५. डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या युनिटी बिल्डिंगमधली ७११ नंबरची खोली. पॉल हॅरिस वकील, बाकी तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर, एक शिंपी. सेवाबिवा कुणाच्या डोक्यात नव्हती. मोठ्या शहरात चार दोस्त हवेत आणि दोस्तांनी एकमेकांना गिऱ्हाईक द्यावं, एवढंच. बैठक आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात, म्हणून नाव रोटरी. आपल्या भिशीसारखंच की! एका धंद्यातला एकच सभासद. आपल्याकडचे सहा बिल्डर त्या नियमात कसे बसले असते देव जाणे.

पुढच्या वर्षी डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटच्या वकिलाला सभासद व्हायला सांगितलं, तर तो म्हणाला, नुसतं आपापसात देणं-घेणं असेल तर मला नको, गावासाठी काही करा. म्हणजे त्यांचा बंड्या. फरक एवढाच, की त्याचं हॅरिसने ऐकलं. आणि १९०७ साली हाती घेतलेलं पहिलं मोठं काम कोणतं? सार्वजनिक संडास! विरोधही झाला. गुत्तेवाले म्हणाले, पुरुषांची सोय आमच्याकडे आहे. मोठे दुकानदार म्हणाले, बायकांची आमच्याकडे. म्हणजे आधी प्या किंवा खरेदी करा, मग जा.

हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

बाकीचा इतिहास भाषणाला बरा आहे. १९१० ला १६ क्लब, १९१२ ला कॅनडात विनिपेग, १९१९ ला कलकत्ता, १९२९ ला मुंबई. त्याच शिकागोत मेल्विन जोन्स नावाच्या विमेवाल्याने १९१७ ला लायन्सची जुळवाजुळव केली. रोटरीवाले १९८५ पासून पोलिओमागे लागले, ते आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडेपर्यंत आणि त्यानंतरही. आपणही बूथवर बसायचो, आठवतं? पोरांच्या करंगळीपेक्षा तुझ्या शर्टावरच शाई जास्त. बायकांना घेण्यावरून मात्र हे लोक अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले आणि १९८७ ला हरले. त्या दिवशी आपल्या बैठकीत चार बायका असत्या तर तुझ्या ठरावावर कुणी हसलं असतं का? वहिनींना सभासद करून घ्या म्हणालास तेव्हाही मी विषय बदलला होता.

चिनूचं लग्न ठरल्याचं कळलं, अभिनंदन. तारीख कळव. नवं घर लागलं का?

तू काढलेला नकाशा जपून ठेवला असशील तर पाठव. आपल्या फायलीत फक्त कमानीच्या पावत्या आहेत. तू टाकी वर दाखवली होतीस की मागे? आणि झाडणाऱ्या बाईचा पगार कशातून काढला होतास? पिन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तुझा,
अण्ण्या

ता. क. किल्लीचा पत्ता लागला. समोरच्या चहावाल्याकडे असते. चहा घेतला की देतो.