ज्वलनाच्या गणितात पाण्याची अवस्था लिहिली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या बारावी मार्गदर्शनाच्या पानावर गेल्या आठवड्यात, एक किलो मिथेन जाळल्यावर किती उष्णता बाहेर पडते, हे गणित सोडवून दिले होते. आकडेमोड बरोबर आहे. परंतु समीकरणात पाणी वाफेच्या रूपात दाखवले असून ज्वलनाची उष्णता मात्र दर मोलला (म्हणजे मिथेनच्या १६ ग्रॅमला) ८९० किलोज्यूल धरली आहे. हा आकडा तयार झालेले पाणी द्रवरूप असतानाचा आहे. वाफ धरली, तर तो ८०२ येतो. मधले ८८ किलोज्यूल म्हणजे दोन मोल पाण्याच्या बाष्पीभवनाची उष्णता, २५ अंश सेल्सिअसला दर मोलला ४४ प्रमाणे.

एक किलो मिथेन म्हणजे ६२.५ मोल. पहिल्या आकड्याने उत्तर ५५,६२५ किलोज्यूल येते, दुसऱ्याने ५०,१२५. या साडेपाच हजार किलोज्यूलमध्ये सतरा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापते, म्हणून ही चूक मला छपाईची किरकोळ चूक वाटत नाही. उष्णता बाहेर पडते हे दाखवणारे ऋण चिन्ह विसरणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही शिक्षक हटकून कापतो. पाण्यापुढच्या कंसात द्रव लिहिले आहे की वाफ, तिकडे मात्र आमचेच लक्ष नसते.

आपल्या खानदेशात हा विषय शिकवायला दूर जावे लागत नाही. कापूस निघाला की बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, ढीग पडतात आणि भरिताची वांगी त्याच काड्यांवर भाजली जातात. कोरडी पऱ्हाटी किलोमागे साधारण १७ हजार किलोज्यूल देते. तिच्यात पाव हिस्सा ओल असेल, तर ते पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ६०० किलोज्यूल घेऊन जाते. पण त्याहून मोठा, सव्वाचार हजारांचा तोटा असा, की पाव किलो पाणी आपण जळण म्हणून तोललेले असते. ओली पऱ्हाटी धुपते आणि वांगे आतून कच्चे राहते, हे घरातल्या बायकांना ठाऊक असतेच. त्यामागचे गणित मुलांना मांडता आले पाहिजे.

शाळेच्या अंगणात आम्ही तीन दगडांवर एक लिटर पाणी ठेवून खाली २० ग्रॅम कोरड्या काड्या जाळल्या होत्या. पाणी २६ अंशांवरून ३६ वर गेले, म्हणजे पाण्याला ४२ किलोज्यूल मिळाले. मुलांनी लगेच वहीत लिहिले, की पऱ्हाटीची ज्वलन उष्णता ग्रॅमला २.१ किलोज्यूल. वास्तविक त्या काड्यांतून ३४० च्या आसपास बाहेर पडले होते; बाकीचे वारा, धूर, तापलेले दगड आणि भांडे यांत गेले. बाहेर पडलेली उष्णता आणि पाण्याने घेतलेली उष्णता या दोन गोष्टी आहेत, हे त्या दिवशी काजळी धरलेल्या पातेल्याभोवती उभे राहून जितके पटले, तितके फळ्यावर कधी पटले नव्हते.

लेखी परीक्षा जवळ आली आहे. तरी त्या उदाहरणाची दुरुस्ती त्याच पानावर, द्रव आणि वाफ या दोन्ही अवस्थांचे आकडे शेजारी शेजारी देऊन, येत्या अंकात छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)