पहिल्या पेटीची किंमत

चि. बाळ हिस,

अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा फोनवर तू जे विचारलेस त्याचे उत्तर मला दोन वाक्यांत देता आले नाही. तुझी डव्हटेल जोडाची, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या खाचा एकमेकींत अडकवून जोडलेली, पेटी पाहून तुझ्या कार्यालयातील एका बाईंनी तशीच पेटी मागितली, पैसे देण्याची तयारी दाखवली, आणि तू गोंधळून गेलीस. पैसे घ्यावेत का, घ्यायचे तर किती, आणि एकदा घेतले की हा छंद छंद राहील का, हे तुझे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. या तिन्ही ठिकाणी मी ठेचा खाल्लेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे अवश्य घे. सुतारकाम हा खर्चिक छंद आहे आणि त्याचा खर्च एकदाच होऊन थांबत नाही. पटाशी आणली की धार लावायला निसणा लागतो, निसणा आणला की रंध्याचे पातेही बोथट असल्याचे लक्षात येते, आणि जोड आवळून धरणारे क्लॅम्प तर कितीही आणले तरी सरस लावून जोड जुळवताना नेमके दोन कमीच पडतात. हा सगळा खर्च पगारातून होत राहिला की प्रत्येक फळी उचलताना मनात अपराधीपणा येतो, आणि अशा मनाने केलेले काम हमखास बिघडते. विकलेल्या वस्तूतून पुढची फळी यावी, एवढीच अपेक्षा ठेव. या छंदाने आपले पोट आपण भरावे. तुझे पोट भरण्याचा भार त्याच्यावर टाकू नकोस.

आता किंमत. तुझा फोन आल्यावर मी माझी जुनी वही काढून पाहिली. मी विकलेल्या पहिल्या ट्रेला नऊ तास लागल्याची नोंद तीत आहे. फळ्या निवडून रंधण्यात दीड तास, जोड आखून कापण्यात अडीच, सरस लावून जुळवण्यात पाऊण, घासण्यात पावणेतीन आणि तेलाचे हात देण्यात दीड. जोड कापणे हेच खरे काम, अशी माझी तोवर समजूत होती. सर्वांत जास्त वेळ पॉलिश पेपरने खाल्ला हे वही लिहिली म्हणून कळले. ८० नंबरच्या खरखरीत कागदाचे ओरखडे त्याहून बारीक १२० ने काढायचे, १२० चे १८० ने, मग ओल्या फडक्याने लाकूड पुसून उभे राहिलेले तंतू वाळू द्यायचे आणि २२० ने हलका हात फिरवायचा. यातली एखादी पायरी गाळली तर कोरड्या लाकडावर कळत नाही. तेलाचा पहिला हात दिला की ओरखडे एकदम डोळ्यांत भरतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हा वेळ गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो तुझ्या वहीत दिसला पाहिजे.

लाकडाचा हिशेबही तयार पेटीची लांबी-रुंदी मोजून करू नकोस. २५ मिलिमीटर जाडीची फळी दोन्ही बाजूंनी रंधून सपाट होईपर्यंत २० मिलिमीटरवर येते, यंत्राच्या करवतीचे पाते प्रत्येक कापाला सुमारे तीन मिलिमीटर भुसा करते, आणि टोकाशी चीर किंवा मधोमध गाठ निघाली की तेवढा भाग बाजूला पडतो. माझ्या हातून विकत घेतलेल्या लाकडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा भुसा, ढलप्या आणि तुकडे यांत जातो. त्यात सरस, पॉलिश पेपर, तेल, पाती झिजण्याचा थोडा आकार, वस्तू नीट पोचावी म्हणून लागणारे खोके आणि ती पाठवण्याचा खर्च मिळव.

लाकडाच्या खर्चाची तिप्पट किंमत लावावी, असा एक सोपा ठोकताळा तुला कोणीतरी सांगेलच. मला तो कधीच पटला नाही. तुझ्या पेटीला लाकूड लागते वीतभर आणि तास लागतात पंधरा. उलट साध्या बाकाला लाकूड भरपूर लागते आणि काम दोन दिवसांत उरकते. तिप्पटीच्या हिशेबाने पेटी फुकट जाते आणि बाक नको तेवढा महाग होतो. म्हणून तासांवरून किंमत काढ. तू राहतेस तिथे कसबी सुताराला तासाला जे मिळते त्याच्या निम्मा दर आज स्वतःला लाव, कारण तुझा हात अजून संथ आहे. चूक दुरुस्त करण्यात गेलेले तास मात्र त्यात धरू नकोस. ते तुझ्या शिकण्याचे तास आहेत आणि त्यांचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत?

येथे एक गोष्ट जरा कडकपणे सांगतो. "मी हौसेने करते, मला मजुरी नको" असे म्हणून वस्तू लाकडाच्या भावात देऊन टाकू नकोस. त्यात उदारपणा आहे असे वाटते खरे, पण ज्याचे घर याच कामावर चालते त्या सुताराला दुसऱ्या दिवशी ऐकावे लागते की अमक्या बाई तर हीच पेटी निम्म्या पैशांत करून देतात. फुकटच द्यायची असेल तर आवडत्या माणसाला भेट म्हणून दे. विकायची असेल तर विकल्यासारखी विक. नातेवाइकांचे काय, हा प्रश्न मी सोडवू शकलेलो नाही. त्यांना एक तर भेट द्यावी किंवा गोड हसून विषय बदलावा.

काय विकावे याबद्दल माझे मत अनुभवाने बनले आहे आणि तो अनुभव माझ्यासाठी फारसा गौरवाचा नाही. एकदा मी एका ओळखीच्या गृहस्थांना लहान टीपॉय करून दिले. वरचा भाग तीस सेंटिमीटर रुंदीच्या अखंड सागवानी फळीचा होता, आणि ती मी चारही बाजूंनी चौकटीत सरस लावून पक्की बसवली. पावसाळ्याच्या दिवसांत ते इतके सुबक दिसत होते की मी त्याचे छायाचित्र काढून ठेवले. हवा कोरडी झाल्यावर गृहस्थांचा निरोप आला आणि मी जाऊन पाहिले, तर फळी मधोमध टोकापासून टोकापर्यंत तडकली होती आणि त्या फटीत माझे नख सहज जात होते. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ते हवेतील ओलाव्याबरोबर फुगते आणि आक्रसते. खोडाच्या वार्षिक वलयांना समांतर कापलेली फळी तर वलये आडवी छेदून कापलेल्या फळीच्या जवळपास दुप्पट हलते. सागवान हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीही त्याचा ओलावा चार टक्क्यांनी उतरला तर अशा तीस सेंटिमीटर फळीची रुंदी सुमारे दोन मिलिमीटरने कमी होते. मी तिला हलायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून तिने स्वतः करून घेतली. पैसे परत केले, टीपॉय घरी आणले आणि नंतर फळी नुसती खाचेत, सरस न लावता बसवली. तेच टीपॉय आज खिडकीजवळ आहे. फट मी मुद्दामच तशी ठेवली आहे.

स्वतःच्या घरात अशी चूक चालते. विकलेल्या वस्तूत ती दुसऱ्याच्या घरी जाऊन तुझे नाव सांगते. म्हणून सुरुवातीला लहान वस्तू विक: पेट्या, फ्रेम, ट्रे, लेखणीदाण्या. त्यांत लाकडाची रुंदी कमी असल्याने हालचालही कमी होते, मोठ्या कामातून उरलेले तुकडे वापरता येतात, आणि बिघडले तर नुकसान आवाक्यात राहते. खुर्ची, पाळणा, भिंतीवरची जड फळी यांसारख्या माणसाचा किंवा वजनाचा भार पेलणाऱ्या वस्तू अजून काही वर्षे फक्त आपल्या घरासाठी कर. तान्ह्यांची खेळणीही नकोत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातला भाग गिळला जाण्याएवढा लहान आहे की नाही, हे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात तो मावतो का यावरून तपासतात. आपल्या हातची लाकडी चाके त्यात किती सहज मावतात हे पाहिल्यावर मी तो नाद सोडला.

एकच वस्तू पुनःपुन्हा करायची असेल तर पाच-सहा एकदम कर. करवतीला अडणी एकदा लावली, कोनाचा लाकडी साचा एकदा केला की पाचव्या पेटीला पहिलीच्या निम्मा वेळही लागत नाही. मात्र छंद छंद राहील का, हा तुझा तिसरा प्रश्न इथेच दबा धरून बसलेला असतो. तू शाळेत असताना मी एकसारख्या चाळीस पेट्यांची मागणी मोठ्या आनंदाने स्वीकारली होती. पहिल्या आठ पेट्या मी गुणगुणत केल्या. विसाव्या पेटीपासून जेवण झाले की पाय पडवीतल्या कामाच्या मेजाकडे वळेनासे झाले, आणि तेहतिसाव्या पेटीच्या वेळी दिलेली तारीख डोक्यावर असताना पटाशी घसरून डाव्या तळहातात गेली. पेट्या वेळेवर गेल्या, पैसेही चांगले मिळाले, त्यातून मोठा रंधा आला, आणि त्या रंध्याला मी पुढचे सात महिने हात लावला नाही. तेव्हापासून कोणी मागणी केली की मी मनाशी एवढेच विचारतो: हे कोणी मागितले नसते तरी मी केले असते का? उत्तर नाही असेल तर नकार देतो. तारीख तर मी कोणालाच देत नाही. झाली की कळवीन, एवढेच म्हणतो. यामुळे काही गिऱ्हाइके गेली, याची मला खंत नाही.

येणाऱ्या पैशांसाठी वेगळा डबा आणि वेगळी वही ठेव, आणि त्यातला पैसा फक्त लाकूड, हत्यारे आणि सुरक्षितता यांवर खर्च कर. पहिल्या कमाईतून नवे हत्यार घेण्याचा मोह होईल. त्याआधी चांगला धूळरोधक मास्क आणि भुसा ओढून घेणारे यंत्र घे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात घातले आहे, आणि विकण्यासाठी काम वाढले की धूळही वाढते. जवसाचे तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटही घेतात. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव. विक्री नियमित होऊ लागली तर तुझ्या इथले कराचे नियम एकदा विचारून घे, म्हणजे पुढे घोर नको.

वस्तू देताना तिच्याबद्दल खरे तेच सांग. लाकूड आंब्याचे असेल तर आंब्याचे म्हण, गाठ भरून काढली असेल तर बोट ठेवून दाखव, आणि तेल पुन्हा केव्हा लावायचे ते चिठ्ठीवर लिहून आत ठेव. शिसवाची वस्तू परदेशी पाठवण्याआधी नियम पाहावे लागतात, कारण २०१७ पासून त्या जातीच्या सर्व लाकडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे. तयार वस्तूंना २०१९ मध्ये प्रत्येक पाठवणीमागे दहा किलोपर्यंत सवलत मिळाली, तरी तिथे गाफील राहू नये.

राहिली तुझी ती पहिली पेटी. झाकण घट्ट बसते म्हणून रंधा मारून ते सैल करायचा तुझा विचार आहे, असे तू म्हणालीस. तसे करू नकोस. सध्या हवा दमट आहे आणि झाकण फुगलेले आहे. आज ते सरळ सरकेल एवढे रंधलेस तर कोरड्या दिवसांत खडखड वाजेल. ती पेटी तशीच कपाटावर ठेव, महिन्यातून एकदा उघडून बघ आणि झाकण कसे बसते ते वहीत लिहीत जा. त्या बाईंना सांग की तुमची पेटी करीन, पण हिचा एक उन्हाळा पाहिल्यानंतर. त्या थांबायला तयार झाल्या तर किंमत काय लावतेस ते मला कळव, आणि तास किती धरलेस तेही.

तुझे,
बाबा