कुत्र्याचा पट्टा: नक्षीआधी शिवण पाहा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

घरच्या घरी चामड्याच्या वस्तू बनवण्याच्या छंदाविषयी आपल्या पुरवणीत नुकताच लेख आला. त्यातील कुत्र्याच्या गळपट्ट्याचा भाग वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखात नक्षीचे ठसे, रंगछटा आणि पट्ट्यावर कुत्र्याचे नाव उमटवण्याची पद्धत यांना भरपूर जागा मिळाली आहे. पट्टा जोडायचा कसा, हे मात्र एका ओळीत उरकले आहे. पाकिटाची शिवण उसवली तर फार तर सुटे पैसे सांडतात. वाहत्या रस्त्याच्या कडेला कुत्र्याने हिसका दिला आणि बक्कलपाशी पट्टा सुटला, तर मात्र दुसरी संधी मिळत नाही. म्हणून नवशिक्यांनी पट्ट्याकडे शोभेची वस्तू म्हणून न पाहता ओढ सोसणारी वस्तू म्हणून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी चामड्याविषयी. दुकानात मिळणारे मऊ, रंगीत चामडे बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. पिशव्यांना ते उत्तम. पण पट्ट्यासाठी घेतल्यास ते ओढीने लांबते आणि त्याच्या कडा घासून बंद होत नाहीत. पट्ट्याला झाडांच्या सालींनी कमावलेले चामडे हवे, आणि ते परदेशातून मागवण्याची गरज नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यातच कमावले जाते. खरेदी करताना ताजी कापलेली कड पाहावी. ती आत निळसर करडी दिसली तर चामडे क्रोमचे समजावे. सालीच्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते, पाण्याचा थेंब त्यात मुरून गडद डाग पडतो आणि ओलसर असताना नख दाबले तर ठसा राहतो. पट्टी जनावराच्या पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने कापावी, कारण पोटाकडचे चामडे सैल असते आणि लवकर ताणते. मध्यम आणि मोठ्या कुत्र्यासाठी 3 ते 4 मिलिमीटर जाडी पुरते. चपलेच्या तळव्याचे चामडे स्वस्तात मिळाले म्हणून वापरू नये. ते इतके ताठ असते की मानेवरचे केस घासून निघतात.

आता शिवणीविषयी, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक धागा झिजून तुटला की पुढचे टाके भराभर सुटू लागतात. हातशिवणीत एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी ओवतात. एक टाका तुटला तरी शेजारचे टाके आपापल्या जागी घट्ट राहतात. कडेपासून 3 ते 4 मिलिमीटर आत रेघ आखावी, तितक्याच अंतराने आरीने, म्हणजे चामड्याला भोके पाडायच्या टोच्याने, भोके पाडावीत, शिवणीच्या साधारण चौपट लांबीचा मेण लावलेला पॉलिएस्टरचा धागा घ्यावा आणि शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन तो संपवावा. सुती धागा घामाने आणि पावसाने कुजतो. बक्कलसाठी चामडे जिथे दुमडायचे, तिथे ते रापीने, म्हणजे चामडे कापायच्या रुंद पात्याने, आतल्या बाजूने जवळजवळ निम्म्या जाडीपर्यंत तासावे. न तासता दुमडलेल्या चामड्याला घडीवरच भेगा पडतात. घाईच्या लोकांना आवडणारे पोकळ, टोपीचे रिव्हेट (ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्या) मोठ्या कुत्र्याच्या पट्ट्यावर एकट्याने भरवशाचे नाहीत. रिव्हेट लावायचेच असेल तर तांब्याचे भरीव, चकती घालून ठोकलेले लावावे आणि शिवण तरीही घालावी.

साखळी अडकवायची इंग्रजी डी आकाराची कडी जोड वितळवून बंद केलेली असावी. नुसत्या वाकवून टोके भिडवलेल्या तारेची कडी जोराच्या ओढीने उघडते. बक्कल आणि कडी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावी. लोखंडाचे वावडे दिसण्यापुरते नाही. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र केल्यावर पूर्वी काळी शाई होत असे. तीच क्रिया ओल्या पट्ट्यावर गंजणाऱ्या लोखंडाशेजारी होते, चामड्यावर काळे डाग पडतात आणि पांढऱ्या कुत्र्याच्या मानेवरही उतरतात. पट्टा मुद्दाम रंगवला असेल तर तो कुत्र्याच्या गळ्यात घालण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे.

मापाविषयीही थोडे लिहायला हवे. मानेचा घेर कापडी टेपने घ्यावा, तो मधल्या भोकाशी जुळवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर अंतराने दोन-दोन भोके ठेवावीत. भोके पाडताना खाली लोखंड नको, लाकडाचा ओंडका हवा, नाहीतर पंचाची धार जाते. पट्टा बांधल्यावर त्याखाली दोन बोटे सहज जावीत. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा, कारण आठवडाभरात तो मानेत रुतू लागल्याची उदाहरणे पाहण्यात आहेत. आमच्या भागात पाळल्या जाणाऱ्या कारवानी या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे डोके मानेच्या मानाने इतके निमुळते असते की साध्या अरुंद पट्ट्यातून ते मागे सरकून सहज निसटते. त्याला चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा, आतून मऊ अस्तर लावलेला पट्टा हवा, किंवा ओढ बसल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा दुहेरी फासाचा. लेखातील छायाचित्रात अशाच चणीच्या कुत्र्याच्या गळ्यात दोन बोटे रुंदीचा नक्षीदार पट्टा पाहून हे सांगावेसे वाटले.

पावसाळ्यात भिजलेला पट्टा चुलीजवळ, हीटरवर किंवा कडक उन्हात वाळवू नये. सालीने कमावलेले ओले चामडे 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपास आक्रसून कडक होते आणि मग ते पूर्ववत होत नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे, किंचित ओलसर असतानाच थोडे तेल चोळावे आणि वर मेण घासावे. तेल अति झाले तर चामडे ढिले पडते आणि त्यावर बुरशीही धरते.

लेखातील एक गोष्ट मात्र खटकली. साधनांचे संच आणि छंदवर्ग यांची माहिती आहे, पण ही सारी विद्या ज्यांच्या हातात आहे त्यांचा उल्लेखही नाही. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. या जिल्ह्यांत आरी आणि रापी चालवणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्या पूर्वजांनी गावाच्या मोटा, नाडे, चाबूक आणि वहाणा बनवल्या आणि त्याच कामापायी त्यांना गावाने दूर ठेवले. आज तेच काम छंद म्हणून शहरात फी भरून शिकले जाते, याला माझा आक्षेप नाही. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याकडे जावे आणि त्याला शिकवणीचे पैसे द्यावेत, इतकाच आग्रह आहे. चप्पल शिवणाऱ्याकडे उरलेले तुकडेही असतात. त्यावर टाक्यांचा सराव केला की महागडे चामडे वाया जात नाही.

पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर तो एखाद्या कारागिराच्या दुकानात बसून लिहिला जावा आणि त्यात हातशिवणीची आकृती छापली जावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली